हरवलेले दोन औंस

मटकी रात्रभर भिजवून फडक्यात बांधून ठेवली की दुसऱ्या दिवशी तिला मोड येतात. मातीचा कण नाही, खताचा वास नाही. नुसत्या पाण्यावर एवढा जीव कसा उभा राहिला, असा प्रश्न लहानपणी आपल्यापैकी पुष्कळांना पडला असेल. त्याचे उत्तर सोपे आहे. त्या मोडाने पाण्यातून अन्न घेतलेलेच नसते. प्रवासाला निघालेल्या मुलाच्या पिशवीत आईने दशम्या बांधून द्याव्यात, तसा निसर्गाने मटकीच्या दोन दलांत शिधा भरून दिलेला असतो आणि पहिले काही दिवस रोप त्यावर गुजराण करते. हा शिधा सरला म्हणजे खरा प्रश्न सुरू होतो. आता मुळे पाण्याजवळ काय मागतात? किती मागतात? आणि आपण जे देऊ त्यातले प्रत्यक्षात किती उचलतात?

वनस्पती बोलत नाही आणि तिचे जेवण डोळ्यांना दिसत नाही. तेव्हा ते मोजण्याचा एकच मार्ग उरतो. ताटात किती वाढले होते ते आधी मोजावे, किती उरले ते नंतर मोजावे आणि जे हरवले ते रोपाच्या नावे मांडावे. ऐकावयास ही गोष्ट पोरखेळासारखी वाटते. परंतु हा हिशेब बिनचूक मांडता येण्यास मनुष्याला तीनशे वर्षे लागली, आणि त्या खटपटीत आपल्या शेजारच्या बंगळूर शहराचाही थोडा भाग आहे. आज त्याच हिशेबाची हकीकत सांगावयाची आहे.

तिचा आरंभ एका चुकीने होतो. सतराव्या शतकात ब्रुसेल्स येथे व्हान हेल्माँट नावाच्या वैद्याने 200 पौंड वाळविलेली माती एका कुंडीत भरली आणि तीत 5 पौंड वजनाचे वाळुंजाचे रोप लावले. पाच वर्षे त्याने त्याला पाण्याखेरीज काही दिले नाही. पाच वर्षांनी झाड भरले 169 पौंड 3 औंस. माती पुन्हा वाळवून तोलली, तो ती सुमारे दोन औंसच उणी झालेली. झाड सर्वस्वी पाण्याचे बनते, असा निष्कर्ष त्याने काढला. हे लेखन त्याच्या मृत्यूनंतर 1648 साली प्रसिद्ध झाले. हवेचा वाटा त्याच्या ध्यानात आला नाही, हे त्या काळी क्षम्य होते. मला अधिक नवल वाटते ते त्या दोन औंसांचे. कारकुनाने रोजमेळात न जमणारी बाकी ‘चूकभूल देणेघेणे’ म्हणून सोडून द्यावी, तसे त्याने ते दोन औंस सोडून दिले. आणि वनस्पतीच्या खनिज आहाराचे सारे शास्त्र नेमके त्या दोन औंसांत दडलेले होते.

ती बाकी शोधण्याचा पहिला प्रयत्न इंग्लंडात जॉन वुडवर्ड याने केला. 1699 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधात मातीला रजाच दिलेली आहे. काचेच्या भांड्यांत निरनिराळे पाणी घेऊन त्याने पुदिन्याची रोपे 77 दिवस वाढविली. पावसाच्या पाण्यात वजन वाढले साडेसतरा ग्रेन, टेम्सच्या गढूळ पाण्यात 26 ग्रेन. आणि बागेची माती मिसळलेल्या पाण्यात त्याहूनही अधिक. पाणी जर अन्न असते तर स्वच्छ पाण्याचाच वरचढपणा दिसावयास हवा होता. अर्थात पाण्यात विरघळलेले दुसरे काही तरी रोप घेत होते.

परंतु ते काय, आणि पाण्याबरोबर नुसतेच वाहत आत जाते की निवडून घेतले जाते? हा प्रश्न जिनीव्हाच्या द सोस्यूर याने 1804 साली फार हुशारीने विचारला. त्याने रोपांची मुळे क्षारांच्या सौम्य द्रावणांत ठेवली आणि रोपांनी निम्मे पाणी शोषून घेतल्यावर उरलेल्या द्रावणाचे पृथक्करण केले. क्षार पाण्याबरोबर आपोआप आत जात असते, तर तेही निम्मे उणे व्हावयास हवे होते. तसे झाले नाही. क्षार पाण्यापेक्षा पुष्कळच कमी घेतले गेले, आणि प्रत्येकाचे प्रमाण वेगळे. एक अपवाद मात्र चमत्कारिक होता. सर्वांत अधिक शोषले गेले ते मोरचूद, म्हणजे ज्या विषाने मूळ मरते तेच! आपल्या द्राक्षबागाईतदारांना मोरचुदाचा गुण सांगावयास नको. सोस्यूरच्या या आकड्याचा अर्थ आज असा लावता येतो की जिवंत मूळ दारावर पहारा ठेवते आणि मेलेल्या मुळाचे दार सताड उघडे पडते. शोषण हा जिवंतपणाचा व्यापार आहे, याची ही पहिली सूचना होती.

पुढे 1860 च्या सुमारास जर्मनीत साक्स आणि क्नोप यांनी निव्वळ क्षारांच्या द्रावणात रोप बीजापासून बीजापर्यंत वाढविता येते, हे सिद्ध केले. सोरा, जिप्सम यांसारख्या ओळखीच्या पदार्थांवर मका उभा राहू लागला. प्रयोगशाळांना मातीवाचून शेत मिळाले.

आता बंगळूरकडे वळू. 1876 ते 1878 च्या दुष्काळाने म्हैसूर संस्थान अक्षरशः होरपळून निघाले होते. शेतीकडे शास्त्राच्या दृष्टीने पाहिल्यावाचून गत्यंतर नाही, ही जाणीव त्यानंतर वाढत गेली. 1899 साली, महाराणी वाणीविलास सन्निधान राज्यकारभार पाहत असताना, संस्थानाने डॉ. लेहमन या पाश्चात्त्य कृषिरसायनज्ञाची नेमणूक केली आणि बंगळूरच्या उत्तरेस हेब्बाळ येथे 30 एकर जमीन प्रयोगांसाठी दिली. मातीचे पृथक्करण आणि खताला पीक कसा प्रतिसाद देते याची पाहणी, हे तेथील काम. 1908 साली कोलमन आले, 1913 साली तेथेच कृषिशाळा निघाली, आणि 1964 साली स्थापन झालेल्या कृषिविद्यापीठाची मुळे या हेब्बाळच्या जमिनीतच आहेत.

बंगळूरभोवतीची तांबडी माती रसायनज्ञाला मोठ्या पेचात टाकणारी आहे. जमिनीत एकंदर स्फुरद किती आहे, हे तेजाबात माती उकळून सांगता येते. पण पिकाचे मूळ म्हणजे काही तेजाब नव्हे. तांबड्या मातीतील लोहाची आणि अ‍ॅल्युमिनियमची संयुगे स्फुरदाला अशी घट्ट धरून ठेवतात की कोठारात धान्य असून किल्ली हरवावी, तशी पिकाची अवस्था होते. शेतकऱ्याने टाकलेल्या खतातले पिकाने किती घेतले, मातीने किती अडवून ठेवले आणि पावसाने किती वाहून नेले, हे शेतात उलगडणे कठीण. म्हणून मुळाची खरी भूक जाणून घ्यावयाची तर माती काही काळ बाजूला सारावी लागते आणि रोप द्रावणात ठेवावे लागते. मातीविना रोप वाढविण्याचा शास्त्रज्ञांना जो सोस आहे, त्याचे मूळ कारण भाजीपाला पिकविणे हे नव्हते. मापन हे होते.

हे मापन कसे करतात ते थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे, कारण सारी मेख तेथेच आहे. समजा, 10 लिटर द्रावणात एक टोमॅटोचे रोप ठेवले. दर लिटरला नत्र 200 मिलिग्रॅम, कॅल्शियम 150 आणि सोडियम 20 आहे. पाच दिवसांनी पाहावे तो भांड्यात 8 लिटर उरले आहेत. पृथक्करण केले, नत्र लिटरला 180, कॅल्शियम 165 आणि सोडियम 25. नवशिका सांगेल की नत्र थोडे गेले आणि कॅल्शियम तर उलट वाढले. पण गुणाकार करा. नत्र आधी 2000 मिलिग्रॅम होते, आता 1440 आहे. रोपाने 560 उचलले. कॅल्शियम 1500 चे 1320 झाले. म्हणजे द्रावण त्या बाबतीत दाट झाले असूनही रोपाने 180 मिलिग्रॅम घेतलेच आहे. सोडियम मात्र आधीही 200 आणि आताही 200. त्याला रोपाने स्पर्श केलेला नाही. पाणी पानांवाटे उडून गेले म्हणून तो दाट दिसतो, एवढेच. द्रावणाचा दाटपणा आणि द्रावणाचे आकारमान ही दोन्ही मापे हाती नसतील, तर हिशेब उलटा लागतो.

एवढ्याने भागत नाही. अगदी तसेच, पण रोप नसलेले दुसरे भांडे शेजारी ठेवावे लागते. भांड्यावर ऊन पडले तर शेवाळ वाढते आणि पाहुण्यासाठी वाढलेले तेच खाऊन जाते. म्हणून भांडी काळ्या कागदाने झाकतात. लोह आणि स्फुरद यांची गाठ पडली तर साका तळाशी बसतो आणि तो रोपाच्या खात्यावर चढतो. रोपाने नायट्रेट उचलले की द्रावणाची आम्लता उतरते, अमोनियम उचलले की ती चढते, आणि तिच्या चढउताराबरोबर पुढचे शोषणही बदलते. सरतेशेवटी रोप वाळवून, तोलून, त्यातील नत्राचे आणि राखेतील खनिजांचे पृथक्करण करावे. भांड्यातून जे हरवले ते रोपात सापडले पाहिजे. देणेकऱ्याची आणि घेणेकऱ्याची चोपडी जुळली नाही, तर सारा प्रयोग पुन्हा करावयाचा. ही चिकाटी ज्यांनी दाखविली त्यांचे कौतुक करावे तितके थोडे.

या शतकापूर्वीच्या, म्हणजे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत एक गोष्ट स्पष्ट झाली. द्रावणात हवा खेळविली नाही, तर बहुतेक रोपांची भूकच मंदावते. कॅलिफोर्नियात होगलंड आणि ब्रॉयर यांनी 1936 साली बार्लीच्या मुळांवर हे दाखविले. तत्पूर्वी 1933 साली लुंडेगॉर्ड आणि बुर्स्ट्रोम या स्वीडिश शास्त्रज्ञांनी गव्हाच्या मुळांना क्षार दिले की त्यांचा श्वासोच्छ्वास वाढतो, असे नोंदविले होते. मुळे श्वास घेतात आणि त्या श्वासाच्या बळावर क्षार आत ओढतात. लुंडेगॉर्डचा तर्क असा की या ओढण्यामागे सायटोक्रोम नावाच्या, लोह असलेल्या रंजक प्रथिनांची साखळी असावी.

त्याच 1933 साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन कमला भागवत नावाची एक मराठी मुलगी बंगळूरला पोहोचली होती. तेथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला लोक टाटा इन्स्टिट्यूट म्हणत. तिचे वडील व चुलते तेथेच शिकलेले. पण संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी ती स्त्री आहे एवढ्याच कारणावरून प्रवेश नाकारला. ती हटली नाही. अखेर एक वर्ष काम पाहून मग ठरवू, अशा मानहानिकारक अटीवर तिला घेण्यात आले. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली तिने दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. त्यानंतर स्त्रियांना त्या संस्थेचे दार उघडले, हे सर्वश्रुत आहे. त्यानंतरचा भाग आपल्याकडे तितका सांगितला जात नाही. 1937 साली ती केंब्रिजला गेली, बटाट्याच्या ऊतींवर काम करता करता वनस्पतींतही सायटोक्रोम-सी असते असे तिला आढळले, आणि 1939 साली डॉक्टरेट मिळविली. त्याच वर्षी रॉबिन हिल यांच्यासमवेत, फुलझाडांतील सायटोक्रोम ऑक्सिडेजविषयीचे तिचे टिपण ‘नेचर’ या साप्ताहिकात आले. प्राण्यांच्या पेशी ज्या साधनांनी श्वसन करतात, तीच साधने झाडापाशीही आहेत, ही गोष्ट त्यामुळे बळकट झाली.

कमलाबाई सोहोनी या नावाने पुढे त्या मुंबईत नीरा आणि कडधान्ये यांच्या संशोधनाने प्रसिद्ध झाल्या. क्षारांच्या शोषणावर त्यांनी काम केले नाही. हा दुवा मी जोडतो आहे, त्यांनी जोडलेला नाही. लुंडेगॉर्डचा सिद्धांतही आज जसाच्या तसा कोणी मानीत नाही. श्वसनातून मिळालेल्या ऊर्जेवर पेशीच्या आवरणातील पंप चालतात आणि त्या जोरावर क्षार आत येतात, असे आता आपण समजतो. पण सोस्यूरच्या दारावरचा पहारेकरी कशावर जगतो, या कोड्यातली एक किल्ली बंगळूरहून गेलेल्या मराठी मुलीच्या हाती होती, हे विसरण्याजोगे नाही.

1952 साली एप्स्टाइन आणि हेगन यांनी बार्लीच्या मुळांना किरणोत्सर्गी रुबिडियम देऊन शोषणाचा वेग मोजला. पोटॅशियमचा हा सख्खा भाऊ. मूळ दोघांना एकाच दाराने घेते. द्रावण दाट करीत गेले तसा वेग आधी झपाट्याने वाढला, मग ती वाढ मंदावली आणि शेवटी जवळजवळ थांबली. पंगतीचे दृश्य डोळ्यांपुढे आणा. वाढपी चार असले तर आमटीचे पातेले कितीही मोठे आणले तरी वाढण्याचा वेग एका मर्यादेपलीकडे जात नाही. मुळाच्या आवरणात असे मोजके वाढपी आहेत. 1974 साली क्लासेन आणि बार्बर यांनी मक्याचे सबंध रोप एकाच भांड्यात ठेवून, द्रावणातील पोटॅशियम कसकसे उतरत जाते ते ठरावीक वेळाने मोजले, आणि त्या एका उतरत्या रेषेवरून मुळाचा सर्वाधिक वेग व किमान गरज ही दोन्ही काढण्याची रीत बसविली. आजही ती चालते. खताचे प्रमाण दुप्पट केले म्हणून पीक दुप्पट खात नाही, हे या वक्ररेषेत लिहिलेले आहे. आणि न खाल्लेल्या खताचे पैसे शेतकऱ्याच्याच खिशातून गेलेले असतात.

परंतु जे शोषले ते सारे गरजेचे, असे तरी म्हणता येईल काय? या बाबतीत बंगळूरच्या त्याच संस्थेतील एका कामाचा उल्लेख करावा असे वाटते. 1930 नंतरच्या दशकात ए. श्रीनिवासन यांनी वनस्पतींच्या पोषणात सिलिकाचे स्थान काय, याचा तेथील जीवरसायन विभागात अभ्यास केला. त्यात भाताला सिलिकेट देण्याचेही प्रयोग होते. भात सिलिका भरभरून घेतो. तुसाची राख हाताला खरखरीत लागते ती त्यामुळेच; पेंढ्यातील सिलिकॉनचे प्रमाण शेकडा 10 च्या घरात जाऊ शकते. तरीही 1939 साली आर्नन आणि स्टाउट यांनी आवश्यक मूलद्रव्याच्या ज्या कसोट्या ठरविल्या, त्यांत सिलिकॉन बसले नाही, आणि होगलंडच्या प्रसिद्ध द्रावणात त्याला जागा मिळाली नाही. पुढे ज्यांनी ज्यांनी ते द्रावण वापरले त्यांच्या रोपांना सिलिका वाढलीच गेली नाही. मग तिच्या अभावाचा परिणाम कोणाला दिसणार? एप्स्टाइन यांनीच 1994 साली ही विसंगती परखडपणे मांडली. 2006 साली जपानमध्ये भाताच्या मुळातील सिलिकॉन आत घेणारा जनुक सापडला. आणि 2017 साली शेतीतील सिलिकॉनविषयीची आंतरराष्ट्रीय परिषद भरली ती बंगळूरलाच.

मातीविना शेतीचा बाजारी गाजावाजा हा या कथेतला फाटा आहे. त्यावर थोडक्यात बोलतो. कॅलिफोर्नियातील गेरिक यांनी टाक्यांत उंचच उंच टोमॅटो वाढविले आणि 1937 साली या पद्धतीला ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव रूढ केले. वृत्तपत्रांनी डोक्यावर घेतले. तेव्हा होगलंड आणि आर्नन यांनी 1938 साली एक साधी पत्रिका काढून सांगितले की चांगल्या जमिनीपेक्षा द्रावणात काही जादू नाही. गंमत अशी की लोकांनी इशारा विसरून त्या पत्रिकेतील द्रावणाची कृती तेवढी घेतली. आपल्या देशात शोल्टो डग्लस यांनी 1946 पासून बंगालच्या डोंगराळ भागात, कालिंपाँगकडे, वाळूखडीचे वाफे करून ती स्वस्तात बसविण्याचा प्रयत्न केला.

बंगळूरजवळ हेसरघट्टा येथे 1967 साली उद्यानविद्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था निघाली. तेथील शास्त्रज्ञांनी भांड्यातला हिशेब बागेत नेला. बागेत द्रावण मोजता येत नाही. तेव्हा रोपाचीच चोपडी वाचावयाची. द्राक्षवेलीच्या बाबतीत खरड छाटणीनंतर सुमारे 45 दिवसांनी, खालून पाचव्या पानाचा देठ घेऊन तपासावा, असे ठरले. नाशिक-सांगलीकडील बागाईतदार आज देठ परीक्षणाचा अहवाल खिशात घेऊन बोलतात, त्यामागे हे काम आहे.

माझे एक स्नेही बंगळूरला गच्चीवर नळ्यांतून पाणी खेळवून कोशिंबिरीची पाने पिकवितात. त्यांच्यापाशी द्रावणाची विद्युत्‌वाहकता दाखविणारा एक लहानसा मीटर आहे. आकडा उतरला की क्षार घालावयाचे, चढला की पाणी. मीटर नेहमी योग्य तो आकडा दाखवीत असे आणि पानांच्या कडा मात्र करपत चालल्या होत्या. त्यांचे पाणी कूपनलिकेचे, जड. वाहकता सर्व क्षारांची मिळून एकच बेरीज सांगते. त्या बेरजेत नत्र किती उरले आणि न खाल्लेला सोडियम किती साचला, हे ती सांगत नाही. वर सांगितलेला पाच दिवसांचा हिशेब त्यांच्या टाकीत कित्येक महिने तसाच चालू होता. पृथक्करण करून घेतले तेव्हा बेरजेचा मोठा भाग सोडियम व क्लोराइड यांचा निघाला. त्यांनी सारे द्रावण ओतून दिले, पन्हाळीला पिंप जोडून पावसाचे पाणी धरावयास प्रारंभ केला, आणि आता त्यांच्या वहीत वाहकतेच्या रकान्याशेजारी रोज किती लिटर पाणी उणे झाले याचाही एक रकाना असतो.